देवीला नववी पाहिजे

भिवरा माय, कावळा लगेच शिवला.

हे तुला मुद्दाम सांगते, कारण तुझ्या दहाव्याला नदीवर जमलेल्या सगळ्यांना त्याचा आनंद झाला आणि मला एकटीला संताप आला. तुझा सुदाम पत्रावळ मांडायला वाकला तेव्हा कावळा आधीच येऊन बसलेला होता. बाभळीवर नाही, हातभर अंतरावरच्या दगडावर, आमच्याकडे पाठ करून. सुदामने हात मागे घेतला न घेतला तोच त्याने वळून घास उचलला. हात जोडून कुणाला काही कबूल करायला सवडच मिळाली नाही. बायका म्हणाल्या, भाग्याची म्हातारी, जीव कशातच अडकला न्हाई. सुदाम डोळे पुसत म्हणाला, "मायची कायबी इच्छा न्हाई राह्यली."

मी त्या कावळ्याच्या भरवशावर जालन्याहून आले होते. हस माझ्यावर. जन्मभर वाडीच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं, अमावस्येला मुद्दाम प्रवास केला, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट दिली आणि पुढे गेले. आणि तुझ्या दहाव्याला येताना काळीपिवळी जीपमध्ये बसून मनाशी मांडत होते, की कावळा काही शिवायचा नाही, ऊन चढेल, भावकी एकेक वचन देत सुटेल, मेंढरं सांभाळतो म्हणेल, देवीच्या ठाण्यावर पत्रा घालतो म्हणेल, आणि शेवटी कुणाला तरी तुझ्या नातीच्या, कोमलच्या शिक्षणाचं नाव घ्यावंच लागेल. कुणी नाहीच घेतलं तर मी घेणार होते. तू मात्र कावळा आधीच धाडून मोकळी झालीस. इतकी कसली घाई होती गं?

नात दहावी पास झाली हे कानावर पडून तू गेलीस, तेवढं बरं झालं. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली, वाढवली तू. सुदाम एमआयडीसीत, स्टीलच्या मिलमध्ये भट्टीपाशी. सुट्टीला येतो आणि झोपून परत जातो. आता तू नाहीस म्हटल्यावर घरात कोमल आणि मेंढरं. सुदाम वाईट माणूस नाही. माझ्याच हाताखाली शिकला, मला ठाऊक आहे. तो म्हणाला, "बाई, पोरगी एकटी कशी ठिवू? खोलीवर न्यावी तर तिथं चार गडी राहून राह्यलेत." मग भावकीने जुना नियम काढला. घरातलं मोठं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं दारात मांडव घालायचा नाही. मुलाकडचे पाहुणे तयार होते, तालुक्यातलेच. तेराव्याचं जेवण झालं की बोलून घेऊ म्हणाले. कोमल अजून अठराची व्हायची आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. म्हणजे तुझं मरणच पोरीच्या मुळावर आलं, माय. त्या रात्री तुला मी फार बोलले. ऐकलं असशील.

आणखी एक सांगायचं आहे. तू गेलीस त्या सकाळी नव्या जालन्यात, स्टेशनाजवळच्या माझ्या खोलीत ओल्या लोकरीचा वास आला. खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालू, दूधवाला येऊन गेलेला, बाहेर रखरखीत उन्हाळा, आणि घरात पावसात भिजलेल्या मेंढरांचा वास. मी कपाट उघडलं, मोरी धुतली, गादी उलटी करून झटकली. वास काही जाईना. शोधण्याच्या नादात दूध उतू गेलं, आणि ओटा पुसत होते तेव्हा सुदामचा फोन वाजला. नंतर मी स्वतःला बजावलं, की दुःखात माणसाच्या मनात आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होतं. असतं तसं. पण दूध उतू गेलेलं तर खरं ना?

मी वाडीवर बदलून आले तेव्हा तू मला वर्षभर अहोजाहो केलंस. मग नववीवरून आपलं वाजलं आणि मी 'तू' झाले. वाडीची शाळा आठवीपर्यंत. पुढे पिंपळगाव रेणुकाईला जायचं, नाल्याच्या कडेने, बोरीबाभळींतून. पोरं जायची. पोरींची आठवी झाली की दप्तर खुंटीला आणि पोरगी मेंढरांमागे. मी घरोघरी हिंडले. सगळीकडे चहा मिळाला, पोरगी एकही मिळाली नाही. रुक्मिणीच्या घरी तर मी हट्टाला पेटले होते, कारण तशी डोक्याची पोरगी मला पुन्हा भेटली नाही. तिचा बाप एकच म्हणायचा, बाई, रस्ता चांगला न्हाई. तू शेजारच्या ओट्यावर टकळी फिरवत सगळं ऐकायचीस. एका शब्दानं बोलली नाहीस, म्हणून मला तुझाही राग यायचा.

मग नवरात्रातली अष्टमी. दिवस मावळत होता, ठाण्यापुढे डफ वाजत होता आणि तुझ्या अंगात आलं. दरवर्षी यायचं म्हणे, मी पहिल्यांदा बघत होते. एरवी उंबऱ्यावरून उठताना गुडघ्याला शिव्या घालणारी बाई तू, आणि त्या दिवशी तुझे पाय जमिनीला टेकतच नव्हते. आवाज तर तुझा नव्हताच. जाड, संथ, आणि ओठ जेमतेम हलत होते. तू म्हणालीस, "मला नव्वी पायजे."

नव्वी म्हणजे नवी. सगळ्यांनी तेच धरलं, देवीला काहीतरी नवी वस्तू पाहिजे. कुणी नवी चोळी आणली, ती तू भिरकावलीस. कुणी नवी घंटा कबूल केली, तू हात आपटलेस. रुक्मिणीचा बाप नवी पितळी समई घेऊन येतो म्हणाला, तू त्याच्याकडे अशी बघितलीस की तो दोन पावलं मागे सरला. डफवाल्याचे हात थांबले. मग तू डोळे मिटून गर्दीतून चालत गेलीस, भिंतीपाशी अंधारात उभ्या असलेल्या रुक्मिणीचं मनगट बरोबर धरलंस, तिला ओढत माझ्यापुढे आणलंस आणि तिचा हात माझ्या हातात दिलास. तुझी बोटं बर्फागत गार होती. मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "नववी. हिची आठवी झालीय. देवीला नववी पाहिजे."

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती आणि कुणी हसलं नाही. रुक्मिणीच्या बापाने खालच्या आवाजात विचारलं, देवीला नववी कशाला लागती? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच ते सगळ्यांना खरं वाटलं. नवरात्र उठलं, मी मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून वर्षाच्या मधेच तिचं नाव घातलं, आणि रुक्मिण पिंपळगावला जायला लागली. पुढच्या सालीही देवीने नववी मागितली. मग धाव्वी, मग बारावी. वाडीत त्यांना देवीच्या पोरी म्हणायला लागले. नाल्याच्या वाटेवर एरवी शिट्ट्या मारणारी टाळकी त्या पोरी दिसल्या की खाली मान घालून उभी राहायची. रुक्मिण आज जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करते, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या स्कूटीवर फिरते. हे तुझं देणं आहे, माय. माझं नाही.

पण भांडण मिटलं नाही ते नाहीच. त्या अष्टमीच्या दुसऱ्याच दिवशी मी तुला गाठलं आणि म्हटलं, खरं सांग, नाटक होतं ना? तू म्हणालीस, तुला काय करायचंय, तू तुझं शिकीव. मी म्हटलं, पोरींना शिकवायचं ते कायद्याने, हक्काने, असं लोकांना भिववून नाही. त्यावर तू टकळी थांबवून म्हणालीस, "कायद्यानं लगीन थांबतं बाई, साळा चालू व्हत न्हाई." मला ते झोंबलं. मी विचारलं, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या देवाने उलटं मागितलं, तर? तू हसलीस. दात न दाखवता हसायची तुझी पद्धत, गालात सुपारी धरल्यासारखी.

मागितलंच की त्याने. ज्या साली मेंढरांना खुरांचा रोग आला, त्या साली भावकीतल्या एकाच्या अंगात भर दुपारी आलं, ठाण्यापुढेच. पोरी वेशीबाहेर पडल्या म्हणून रोग आला, दप्तरं जाळा, असं तो घुमत सांगत होता. मी तुझ्याकडे बघत होते. वाटलं, आता तू उठशील, आता तुझी देवी त्याच्या देवाला गप करील. तू पदर डोक्यावर ओढून बसलीस आणि जागची हलली नाहीस. कुणी दप्तरं जाळली नाहीत, पण उद्यापासून पोरींना कुणी धाडणार नाही हे दिसतच होतं. संध्याकाळी मी तुला टोमणा मारला, कुठं गेली गं तुझी देवी? तू हळूच म्हणालीस, त्याच्या अंगात खरं आल्तं, बाई. मला वळखतं. मी लगेच विचारलं, आणि तुझ्या?

तू माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिलीस. मी वळून बघितलं तर गल्लीत कुणी नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर भीती होती, अगदी साधी, अंधारात पोराला वाटते तशी. दुसऱ्या दिवशी मात्र तू मेंढरं सोडलीस ती रानात नाही, पिंपळगावच्या वाटेवर. तू पुढे, मेंढरं भोवती आणि मधे पोरी. लोकांना सांगितलंस, देवाला काय करायचं ते आधी माझं करू द्या. पावसाळा संपेपर्यंत तू हे केलंस. त्या गुडघ्यानिशी केलंस. मी इतकी पुस्तकं वाचली, मला हे सुचलं नसतं आणि जमलं तर मुळीच नसतं.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं, तेही भांडण. मी म्हटलं, कोमलची दहावी झाली, नवरात्रात देवीला अकरावी मागायला सांग. तू म्हणालीस, आता येत न्हाई गं ती. लई दिस झाले. मी वाट बघती, डफ वाजतो, अंग हलत न्हाई. मी मात्र नेहमीसारखी घाई केली. मी म्हटलं, मग खोटं आण. एवढी वर्षं आणलंस, आणखी एकदा आण. मग तू म्हणालीस, "खोटं मला जमत आसतं तर मी कशाला भ्याले आसते?" आणि फोन ठेवलास. मी पुन्हा लावला नाही. उद्या लावू म्हटलं.

तर तुझं तेरावं. मधे जालन्याला जाऊन मी रुक्मिणीला घेऊन परत आले. सकाळपासून मेंढरं कुंपणाबाहेर निघेनात. कोमलने कुंपणाचा झापा उघडून ठेवला, काठी आपटली, हाका मारल्या. ती सगळी घराकडे तोंड करून उभी होती. एकही ओरडत नव्हतं. बारा वाजायला आले, ऊन असं की पायाखालची माती पोळत होती, आणि ती उभीच. पाहुण्यांतल्या एकाने विचारलंही, मेंढरं आजारी हायेत का? जेवणं उरकली, सुपारी फिरली, आणि भावकीतल्या थोरल्याने विषय काढला. वर्षाच्या आत म्हणजे दिवाळीनंतरची तीथ धरू, खर्चा जास्ती करायचा न्हाई, जल्दी उरकू. सुदाम जमिनीकडे बघत होकाराची मान हलवत होता. कोमल आत भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज थांबला तेव्हा मला कळलं की ती ऐकते आहे.

एक गोष्ट तुझ्याशी खरी बोलते. या खेपेला येताना काळीपिवळीत माझ्या मनात आलं होतं, की आपणच घ्यावं का अंगात आणून? माझी मलाच लाज वाटली. शेजारी रुक्मिण बसली होती, तिलाही बोलले नाही. ठरवून टाकलं, आपण आपल्या तोंडाने कायदा सांगायचा, पोरगी अठराची नाही, लग्न केलंत तर मी तक्रार करीन, बस. तेच सांगायला मी उभी राहिले. "हे बघा," असं म्हणाले, एवढं पक्कं आठवतं. मग माझे तळहात गार पडले. पंख्याचा आवाज बंद झाला, पंखा फिरत होता तरी. आणि माझा उजवा गुडघा आखडला, जो मला कधी दुखत नाही.

पुढचं रुक्मिणीने सांगितलं ते सांगते. मी म्हणे "सुदाम्या" अशी हाक मारली. सुदाम्या म्हणणारी तू एकटी. शाळेत मी त्याला कधी सुदामच्या खाली आणला नाही. तो ताडकन उठला. माझा अंबाडा सुटला होता आणि मान हलत होती. मी जाड आवाजात सावकाश म्हणाले, "वरसाच्या आत मला नको. मला तीन वरसं पायजेत. तीन वरसं माझ्या दारात मांडव न्हाई." थोरल्याने हात जोडून विचारलं, कोन बोलून राह्यलं? मी दात न दाखवता हसले, असं रुक्मिण म्हणते, आणि हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग सुदामला म्हणाले, पोरीला रुक्मिणीपाशी ठिव. बारावी पायजे.

मी भानावर आले तेव्हा खाली बसलेली होते. कपाळभर कुंकू, मांडीवर खणानारळाची ओटी, आणि सुदाम माझ्या पायांवर डोकं ठेवून माय, माय म्हणत रडत होता. मी बिनलग्नाची, जन्मात कुणाला ओटी भरू दिली नाही. पाहुणे उठून गेले होते. तीन वर्षं थांबतो, असं सुदामने सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आणि रुक्मिण कोमलला आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार होती. बाहेर कुंपण रिकामं होतं. मेंढरं आपली आपण चरायला निघून गेली होती.

लोकांना सांगावं, मी नाटक केलं, असं मनात आलं. मी नाटक केलं नाही, असंही सांगावंसं वाटलं. माय, दोन्हींपैकी एकाचीही शपथ मला घेता येईना. इतकी वर्षं मी तुला तोच प्रश्न विचारत आले, घोळवून, टोमणे मारून, कधी चारचौघांत. मला वाटायचं, तुला माहीत आहे आणि तू लपवतेस. तुला माहीतच नव्हतं, होय ना? तू एकटीच त्या भीतीत बसायचीस, आणि मी समोर बसून तुला खरं बोलायला सांगायचे. मला तुझी इतकी आठवण येते आहे की राग धरवत नाही.

संध्याकाळी कोमल आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आली. रुक्मिण पुढे जाऊन गाडी बघत होती. कोमलने माझी पिशवी घेतली होती. मला तिच्याकडे बघायचं धाडस होईना. शेवटी विचारलं, घाबरलीस का गं दुपारी?

"न्हाई बाई," ती म्हणाली. "आजी सांगून गेल्ती."

काय सांगून गेली, म्हटलं. ती सांगायला लागली. तुझे पाय चेपताना तिने एकदा तुला विचारलं होतं, की देवी आता येत न्हाई, मंग माझ्यासाठी कोन बोलंल? तू डोळे मिटून पडली होतीस. तुझं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं, तुझ्याच ठेक्यात.

"आजी म्हनली, मी बोलंन. मेल्यावर साळंच्या बाईच्या अंगात येते. बाकीच्या बायांच्या अंगात आधीच कुनी ना कुनी बसल्यालं आसतं, नवरा, सासू, देव. बाईच्यात कुनीच न्हाई. जागा मोकळी हाय."

काळीपिवळी आली. रुक्मिणीने मला हात धरून चढवलं, मी तिला काही सांगितलं नाही. अंगावर काटा होता तो जालन्याचे दिवे दिसेपर्यंत गेला नाही. चिडायला हवं होतं मी. एवढी भांडलीस माझ्याशी, आणि तेव्हा काय जागा हेरून ठेवत होतीस? आधी हसू आलं, मग पदर तोंडात धरून रडले, ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

ये, माय. यंदा आठवीत पोरी आहेत.